मातीची गाडी, बकऱ्याची गाडी

(१)

नाटकाला संगीताची जोड मिळाली की ते श्रेष्ठ होते, असे आपल्या नाट्येतिहासाने गृहीत धरले आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ सुरू झाला, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि शिक्षक त्याला गुण देतात. हा सुवर्णकाळ कोणाचा, हा प्रश्न मात्र प्रश्नपत्रिकेत येत नाही. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले होते. अडाणी कुणबी बाईला तिच्या पोटातल्या बाळाची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात आहे, आणि ही लूट उघडी पाडणारा विदूषकही आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. त्याचा प्रयोग झाला नाही, आणि सुवर्णकाळाच्या हिशेबात त्याची नोंदही बराच काळ कोणी केली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. गाजलेल्या नाटकाचे जेव्हा गाण्याच्या नाटकात रूपांतर होते, तेव्हा गाणे कोणाच्या तोंडी जाते? प्रेक्षकाच्या स्मरणात काय राहते? आणि त्या नाटकात जे दीनदुबळे रंगवलेले असतात, त्यांच्या हाती शेवटी काय पडते? या प्रश्नांसाठी मी दोन कृती समोर ठेवतो. एक अमेरिकेतली: 'पोर्गी अँड बेस' हा १९३५ चा इंग्रजी ऑपेरा. दुसरी आपल्या घरची: शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'वरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८८७ मध्ये सिद्ध केलेले 'संगीत मृच्छकटिक'. एकीच्या नावातच मातीची गाडी आहे, दुसरीचा नायक बकरा जुंपलेल्या गाडीतून फिरतो.

हा प्रश्न वर्ध्यातून विचारण्याला कारण आहे. येथील लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले झाले, त्याचा अभिमान या शहराला आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९६९ मध्ये भरले आणि पुन्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये भरले. दुसऱ्या वेळी त्याच दिवसांत याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनाचाही मंडप उभा होता. मंदिराचे दार उघडले, संमेलनाचे दारही आता कोणी उघडपणे बंद करत नाही. तरी दुसरा मंडप घालावा लागतो. दार उघडे असणे वेगळे आणि आत जे मांडलेले आहे ते आपले असणे वेगळे. हा फरक ज्याला कळला, त्याला पुढचे विवेचन परके वाटणार नाही.

(२)

'पोर्गी अँड बेस'ची जन्मकथा अशी. अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन नावाचे बंदर आहे. तेथे सॅम्युअल स्मॉल्स नावाचा एक पांगळा काळा भिकारी बकऱ्याच्या गाडीतून फिरत असे. त्याच्यावरून ड्यूबोज हेवर्ड या गोऱ्या लेखकाला कल्पना सुचली आणि १९२५ मध्ये 'पोर्गी' ही कादंबरी आली. हेवर्ड आणि त्यांची पत्नी डोरोथी यांनी तिचे नाटक केले. ते १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गाजले. त्या नाटकावरून संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांनी ऑपेरा रचला. गीते हेवर्ड आणि जॉर्जचे बंधू आयरा यांची. १९३४ च्या उन्हाळ्यात गर्श्विन चार्ल्स्टनजवळच्या फॉली बेटावर जाऊन राहिले. आसपासच्या काळ्या वस्त्यांतले प्रार्थनेचे गाणे, टाळ्यांचा ठेका, हाळी हे सारे त्यांनी कानांत साठवले आणि ऑपेरात उतरवले.

कथा थोडक्यात सांगतो. कॅटफिश रो ही कोळ्यांची, हमालांची, फेरीवाल्यांची वस्ती. फाशांच्या खेळात भांडण होऊन क्राउन नावाचा आडदांड माणूस एकाचा खून करून पळतो. मेलेल्याच्या विधवेजवळ पुरायला पैसे नाहीत. शेजाऱ्यांनी बशीत वर्गणी टाकली नाही, तर प्रेत वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडे जाणार. क्राउनची बाई बेस हिला कोणी दारात उभे करीत नाही. पांगळा पोर्गी तिला आसरा देतो. पुढे क्राउन परत येतो तेव्हा पोर्गी त्याला ठार करतो. प्रेताची ओळख पटवायला पोलीस पोर्गीला घेऊन जातात, तेवढ्यात गर्द विकणारा एक जण बेसला नादी लावून न्यूयॉर्कला नेतो. पोर्गी सुटून येतो, बेस कोठे आहे ते विचारतो आणि बकऱ्याची गाडी मागवतो. न्यूयॉर्क किती दूर आहे याची त्याला कल्पना नाही. तो निघतो, आणि पडदा पडतो.

या ऑपेरात एक मोठी खुबीची गोष्ट आहे. काळी पात्रे गातात. गोरी पात्रे बोलतात. डिटेक्टिव्ह, पोलीस, कॉरोनर यांच्या वाट्याला गाणे नाही. ते येतात, दरडावतात, साक्षीदार म्हणून एका म्हाताऱ्याला तुरुंगात नेतात आणि जातात. सत्तेची भाषा कोरडी असते, तिला सूर नसतो, हे गर्श्विन यांनी ओळखले होते. शिवाय काळी पात्रे काळ्या कलावंतांनीच करावीत, असा त्यांचा आग्रह होता. तोंडाला काजळी फासून गोऱ्यांनी काळ्यांची सोंगे आणायची ती जुनी चाल त्यांनी मोडली.

एवढे मान्य करूनही काळ्या लेखकांनी या ऑपेराला सुखाने कवटाळले नाही. कादंबरी गोऱ्याची, नाटक गोऱ्यांचे, संगीत गोऱ्याचे, उत्पन्न गोऱ्यांचे. आणि चित्र कशाचे? जुगार, नशा, सुरी, अंधश्रद्धा आणि त्यावर उतारा म्हणून गोड गळा. हॅरॉल्ड क्रूझ यांनी १९६७ मध्ये काळ्या बुद्धिजीवींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या ऑपेरावर काळ्या कलावंतांनी बहिष्कार घालावा अशी मागणी केली. दुःख आमचे, त्याची मालकी तुमची, हा त्या विरोधाचा आशय होता. आपल्याकडे दलितांच्या दारिद्र्यावर 'हृदयस्पर्शी' लिहिणाऱ्या सवर्ण लेखकांविषयी दलित साहित्याने १९७० नंतर जे प्रश्न विचारले, ते याच जातीचे होते.

परंतु या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहावी. १९३६ मध्ये हा ऑपेरा वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये लागणार होता. त्या थिएटरात गोऱ्यांबरोबर काळ्यांना बसू देत नसत. पोर्गीची भूमिका करणारे टॉड डंकन आणि बेसची भूमिका करणाऱ्या अ‍ॅन ब्राउन यांनी ठाम भूमिका घेतली: आमच्या माणसांना खुर्ची नसेल तर आम्ही गाणार नाही. थिएटरला नमावे लागले. त्या प्रयोगांपुरते प्रेक्षागृह सर्वांना खुले झाले, आणि प्रयोग संपल्यावर जुनी रीत परत आली. विजय छोटा होता, पण तो कोणी दान दिलेला नव्हता. दुसऱ्याने लिहिलेले गाणे गाणाऱ्यांनी त्याच गाण्याच्या जोरावर दारावरचा पहारा उठवला.

आणखी एक अलीकडची गोष्ट. हंगेरीच्या सरकारी ऑपेराने २०१८ मध्ये गोऱ्या गायकांना घेऊनच 'पोर्गी अँड बेस' केला. पुढे २०१९ मध्ये, आपण आफ्रिकन-अमेरिकन आहोत अशा निवेदनावर त्या गायकांच्या सह्या मागितल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. आपल्याकडे नोकरीसाठी जातीचे खोटे दाखले काढतात. तेथे गाण्यासाठी वंशाचा दाखला निघाला. ज्यांचे जगणे नको असते, त्यांचे गाणे मात्र सर्वांना हवे असते.

(३)

आता मातीच्या गाडीकडे येऊ. 'मृच्छकटिक' म्हणजे निर्धन चारुदत्त आणि गणिका वसंतसेना यांची प्रेमकथा, असे सांगितले जाते. शूद्रकाचे दहा अंक वाचावेत. त्यांत या दोघांपेक्षा गर्दी मोठी आहे. संस्कृत नाटकात इतके पायदळी तुडवलेले लोक एकत्र आलेले क्वचितच दिसतील.

तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर भिंतीला भोक पाडतो आणि माप घ्यायला दोरी नाही म्हणून जानवे काढतो. जानव्याचा असा रोकडा उपयोग रंगभूमीवर दुसऱ्या कोणी दाखवला असेल असे मला वाटत नाही. तो चोरी करतो कशासाठी? मदनिका या दासीला विकत घेऊन मुक्त करण्यासाठी. सहाव्या अंकात वीरक आणि चंदनक हे दोन शिपाई भांडतात आणि एकमेकांची जात काढतात. एक न्हावी, दुसरा चांभार. सरकारी पोशाख अंगावर चढला तरी जात कशी आत दबा धरून बसते, ते या प्रवेशात दिसते. आणि राजाच्या कैदेतून पळालेला गवळ्याचा पोर आर्यक गाडीत सापडला असताना त्याला जाऊ देणारा, त्याच्या हाती तलवार देणारा शिपाई तो चांभार चंदनकच आहे.

आठव्या अंकात राजाचा मेहुणा शकार आपल्या स्थावरक या गुलामाला वसंतसेनेचा खून करायला सांगतो. सोन्याची लालूच दाखवतो, मारतो. गुलाम नकार देतो. मालकाची सत्ता माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही, असे त्याचे उत्तर आहे. पुढे हाच गुलाम खरा खुनी कोण ते सांगण्यासाठी बंदिवासातून खाली उडी टाकतो, गर्दीसमोर सत्य बोलतो आणि कोणी विश्वास ठेवत नाही. गुलामाचे खरेही कोणाला पटत नाही, हे त्याचे दुःख. ज्याने पोलीस ठाण्यात अत्याचाराची फिर्याद देऊन पाहिली आहे, त्याला या वाक्यावर टीका लिहावी लागणार नाही.

आणि भिक्खू. हा पूर्वी लोकांचे अंग रगडणारा संवाहक, नंतर जुगारी. कर्जात बुडालेला असताना वसंतसेना त्याला सोडवते आणि तो बौद्ध श्रमण होतो. सातव्या अंकाच्या शेवटी नायक चारुदत्ताला हा श्रमण समोर दिसतो. तेव्हा उदार, सज्जन, गुणी म्हणून गाजलेला चारुदत्त काय करतो? श्रमणाचे दर्शन म्हणजे अपशकुन, असे म्हणून वाट बदलतो. नंतर शकाराने गळा दाबून पाचोळ्यात टाकलेल्या वसंतसेनेला हाच श्रमण आपल्या ओल्या चीवराचे पाणी पाजून शुद्धीवर आणतो, आणि उठताना आधार म्हणून वेल वाकवून देतो. ज्याचे तोंड पाहणे अशुभ मानले, त्याच्या वस्त्रातल्या पाण्यावर नायकाचा संसार उभा राहिला. १९५६ नंतर ज्या समाजाने चीवराला वंदन केले, त्या समाजाच्या समीक्षकांनी तरी हा प्रवेश नायिकेच्या सौंदर्यवर्णनाखाली दडपू देऊ नये.

(४)

हे सारे देवलांच्या पुढ्यात होते. देवल हे किर्लोस्करांचे शिष्य. पुढे 'शारदा' लिहून जरठकुमारी विवाहावर आघात करणारे लेखक. सामाजिक दृष्टी त्यांना नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. माझा आक्षेप व्यक्तीवर नाही, त्या रंगभूमीच्या चौकटीवर आहे. नाटक संगीत झाले म्हणजे त्याचे वजन गाणाऱ्या नटाकडे झुकते. गाणारा नट म्हणजे नायक-नायिका. प्रेक्षक तिकीट काढतो ते वन्समोअर घ्यायला. मग पाचव्या अंकातला पाऊस लांबतो आणि दहाव्या अंकातला वध्यमार्ग आखडतो. 'मृच्छकटिका'तले आज मैफलीत आणि ध्वनिमुद्रिकांत काय जिवंत आहे? प्रणयाची पदे. बालगंधर्वांची वसंतसेना म्हटली की जुने रसिक डोळे मिटतात. स्थावरक कोणी केला होता, चांडाळ कोणी केले होते, हे कोणाला आठवते?

या वसंतसेनेत आणखी एक विसंगती आहे. पात्र गणिकेचे, सोंग पुरुषाचे. ज्या स्त्रियांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते, त्या स्त्रियांना नामांकित मंडळ्यांच्या रंगमंचावर प्रवेश नव्हता. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका पुरुषांबरोबर त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस. लावणीची चाल चालत होती, लावणी गाणारी बाई चालत नव्हती. काजळी फासलेल्या गोऱ्या नटाशी याचे नाते कोणी जोडले तर आपल्या रसिकांनी रागावू नये. त्यांनी त्याला उत्तर द्यावे.

म्हणजे दोन्हीकडचा हिशेब असा होतो. 'पोर्गी'ने पीडितांना गाणे दिले, लेखणी दिली नाही. आपल्या संगीत नाटकाने दोन्ही दिले नाही. तेथे काळा माणूस रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहिला आणि स्वतःच्या चित्राशी भांडू शकला. येथे भांडायलाही चित्र उरले नाही. अदृश्य करणे हा अपमानाचा अधिक सभ्य प्रकार आहे.

नंतरच्या काळातही फार फरक पडला नाही. गिरीश कर्नाडांनी १९८४ मध्ये याच कथेवर 'उत्सव' हा चित्रपट काढला. लोकांच्या ध्यानात राहिली ती वसंतसेना आणि तिचे दागिने. अपवाद म्हणून हबीब तन्वीर यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी १९५८ मध्ये दिल्लीत 'मिट्टी की गाडी' करताना छत्तीसगडच्या लोककलावंतांना उभे केले. छत्तीसगड आमच्या विदर्भाला लागून आहे. तेथला नाचा गाणारा माणूस शूद्रकाला चालतो, तर आमचा दंडारीतला माणूस का चालू नये?

(५)

आता दहावा अंक. चारुदत्तावर खुनाचा आरोप आहे. न्यायाधीश मनूचा हवाला देतो: ब्राह्मणाला देहदंड नाही, त्याला संपत्तीसह हद्दपार करावे. पालक राजा ऐकत नाही, सुळाची शिक्षा देतो. हे काम कोणी करायचे? दोन चांडाळांनी. न्याय वरच्यांनी द्यायचा आणि हात खालच्यांचे विटाळायचे, अशी ही वाटणी आहे.

ते दोघे चारुदत्ताला वाजतगाजत नेतात. प्रत्येक चौकात थांबतात, डिंडिम वाजवतात, गुन्हा आणि शिक्षा पुकारतात. शूद्रकाने त्यांना प्राकृतात श्लोकही दिले आहेत. चारुदत्ताचा मुलगा धावत येतो आणि चांडाळ म्हणून त्यांना हाक मारतो. तेव्हा त्यांचे म्हणणे असे की, चांडाळाच्या कुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नाही; सज्जनाला छळणारे ते पापी आणि तेच चांडाळ. जन्माने कोणी नीच होत नाही, कर्माने होतो, ही बुद्धाची शिकवण. उच्चवर्णीय प्रेक्षकांसमोर ती कोण मांडतो, तर फाशी देणारा चांडाळ.

पाळी कोणाची यावर ते दोघे वेळ काढतात. एक म्हणतो, माझ्या बापाने मरताना सांगितले होते, वध करायची पाळी आली तर घाई करू नकोस. कोणी भला माणूस पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होईल, हत्ती साखळी तोडील, किंवा राज्यच बदलेल आणि सगळे सुटतील. बापाने मुलाला दिलेला हा वारसा किती विलक्षण आहे! हातात तलवार, डोक्यावर हुकूम, आणि मनात राज्य बदलण्याची वाट.

आणि राज्य खरोखर बदलते. गवळ्याचा आर्यक पालकाला मारून राजा होतो, वसंतसेना जिवंत परत येते. मग बक्षिसांचे वाटप. गणिका वधू होते. गुलाम स्थावरक मुक्त होतो. चांभार चंदनक साऱ्या राज्याचा दंडपालक होतो. श्रमणाला काय हवे ते विचारले जाते आणि त्याला सर्व विहारांचा कुलपती करतात. आणि चांडाळ? त्यांना सर्व चांडाळांचे प्रमुख करतात.

येथे थांबून विचार केला पाहिजे. प्रत्येकाची जागा बदलली. चांडाळाची बदलली नाही, तिला फक्त पाटीलकी मिळाली. गवळ्याच्या क्रांतीने गुलामगिरी तोडली, गणिकेचा कलंक पुसला, पण ती मसणवट्याच्या वेशीशी येऊन उभी राहिली. आणि विशेष म्हणजे बक्षीस काय द्यावे हे चारुदत्ताला विचारले जाते. चांडाळांना कोणी विचारत नाही. 'मृच्छकटिक' हे लोकक्रांतीचे नाटक आहे असे म्हणणाऱ्या पुरोगामी समीक्षकांनी हे एक वाक्य नजरेआड केले आहे. सत्तांतरानंतर आपापल्या जातीचे अध्यक्षपद स्वीकारून गप्प बसलेले लोक पाहण्यासाठी आपल्याला फार मागे जावे लागत नाही.

पोर्गीचेही तेच. तो निघतो, पण त्याच्याखालची गाडी बकऱ्याचीच राहते. दोन्ही नाटककारांना आपल्या पात्रांविषयी कणव आहे. त्या कणवेची हद्द दोघांच्याही शेवटच्या प्रवेशात दिसते.

(६)

मग काय करावे? केवळ नकार देऊन भागणार नाही. नकार ही दलित साहित्याची पहिली पायरी होती आणि ती आवश्यक होती. परंतु टॉड डंकनने ऑपेरा नाकारला नाही. त्याने त्यात उभे राहून दार अडवले. अण्णाभाऊंनी तमाशा नाकारला नाही. त्यांनी गणातला गणपती बाजूला सारून मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले आणि त्याचे लोकनाट्य केले. भीमराव कर्डकांच्या जलशाने हेच केले. आपल्या हातात रूप आले की त्याचा अर्थ बदलतो, हा आपलाच इतिहास आहे.

वर्धा जिल्ह्यात आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत दंडार, भजनी मंडळे, भीमगीतांचे संच, कलापथके आहेत. महाविद्यालयांत एकांकिका होतात, हिंदी विश्वविद्यालयात नाट्यकला शिकवली जाते. या सर्वांना माझे सांगणे आहे की दहावा अंक घ्या. तो गावाच्या रस्त्यावर करण्यासारखाच आहे. त्याला पडदा लागत नाही, ऑर्गन लागत नाही; डफडे पुरेसे आहे. चौकाचौकांत थांबून पुकारा करायचा म्हणजे काय, हे ज्यांच्या आज्यांनी दवंड्या दिल्या त्यांना शिकवावे लागणार नाही. चारुदत्ताने त्यात जरूर असावे, पण गाणे चांडाळांना द्या. स्थावरकाची उडी दाखवा. श्रमणाला पाहून बदललेली वाट दाखवा. आणि नाटक शूद्रकाने संपवले तेथे संपवू नका. शर्विलक बक्षिसांची यादी वाचायला उभा राहतो, तेव्हा त्याने चारुदत्ताकडे नव्हे, त्या दोघांकडे वळून विचारावे: तुम्हाला काय हवे? त्यांचे उत्तर संस्कृत नाटकात नाही आणि संगीत नाटकातही नाही. ते आपल्या लेखकांनी लिहायचे आहे.